लेक म्हणते, कॉम्प्युटर मीच जोडीन

नमस्कार ताई,
माझी मुलगी १६ वर्षांची आहे. तिला चित्रं काढायची आणि व्हिडिओ एडिट करायची मनापासून आवड आहे. इतके दिवस माझ्या जुन्या लॅपटॉपवर भागवलं, पण आता तो एक फाइल उघडायलाच पाच मिनिटं घेतो. वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून मी काही पैसे जमवले आहेत. त्यात दुकानातला सगळ्यात स्वस्त गटातला तयार कॉम्प्युटर येतो आणि वर थोडे उरतात. दुकानदाराने दाखवलेल्या मशीनवर 'कोअर आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी' असं लिहिलं होतं. लेक म्हणते, ते नको, सुटे भाग आणून कॉम्प्युटर मीच जोडीन. दीर म्हणतात, पोरीच्या हौसेपायी पैसे पाण्यात जातील आणि वॉरंटीही मिळणार नाही. मला दोघांचंही पटतं. काय करू?
– एक आई

नमस्कार,

तुम्ही उत्तराची वाट बघत असाल, म्हणून निकाल आधी सांगते: लेकीला जोडू द्या. पण तुमच्या दिरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, आणि त्यातलं खरं किती हे कळल्याशिवाय तुम्ही पैसे खर्च करू नयेत असं मला वाटतं.

स्वस्तातल्या स्वस्त गटात तयार कॉम्प्युटर बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. मोठी कंपनी प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेली चिप, हजारांनी घेते, विंडोजचं लायसन्स हजारांनी घेते. तो भाव आपल्याला एकेक नग घेताना कधीच मिळणार नाही. मुलीला फक्त अभ्यास, लेखन, ऑनलाइन तास आणि थोडं इंटरनेट एवढंच हवं असतं, तर मी तुम्हाला सुट्या भागांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं. उलट ऑफिसांमधून तीन-चार वर्षं वापरून निघालेला, तपासून पुन्हा विकायला ठेवलेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप बघा म्हटलं असतं. ती मशीन्स रोज आठ-दहा तास चालावीत म्हणून बनवलेली असतात आणि त्या पैशात नव्यापेक्षा बराच चांगला प्रोसेसर मिळून जातो. स्वतः जोडलं की हमखास पैसे वाचतात, असं लेकीचं म्हणणं असेल तर ते तेवढं खरं नाही, हे तिला माझ्या वतीने सांगा.

पण तिला चित्रं काढायची आहेत आणि व्हिडिओ एडिट करायचे आहेत. या कामांची भूक वर्षागणिक वाढत जाते. आज पुरतं ते दोन वर्षांनी अपुरं पडतं, आणि तेव्हा तुम्हाला पुन्हा अख्खी रक्कम उभी करावी लागेल की एकच भाग बदलून भागेल, यावर माझा सगळा सल्ला उभा आहे.

आता दुकानातल्या त्या मशीनकडे वळू. पाटीवर 'कोअर आय५' लिहिलं आहे, पण पिढी कुठली ते लिहिलेलं नाही. २०११ सालचा आय५-२४०० हाही आय५च होता: चार कोअर (काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ साली आलेला आय३-१२१०० नावाने त्याच्या एक पायरी खालचा, पण चार कोअर आणि आठ थ्रेडचा, आणि कामात त्या जुन्या आय५ला कुठल्या कुठे मागे टाकणारा. म्हणून 'आय५' या दोन अक्षरांवर जाऊ नका. पुढचा पूर्ण आकडा विचारा. इंटेलच्या त्या नावांमध्ये आकड्याच्या सुरुवातीला पिढी असते, म्हणजे १२४०० हा बाराव्या पिढीचा. हे विचारायला आणखी एक कारण आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुना प्रोसेसर चकचकीत नव्या कॅबिनेटमध्ये घालून विकलेला असला, तर पहिल्या दिवसापासूनच अडचण.

मग रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी. ८ जीबी हा आकडा लहान आहेच, पण स्वस्त तयार मशीनमध्ये ती बहुतेकदा एकाच पट्टीत असते, आणि ते पाटीवर कुणी लिहीत नाही. तुमच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, म्हणजे चित्र दाखवायचं काम प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करणार. त्याला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उसनी घेतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहून नेते, तशाच दोन पट्ट्या लावल्या की ५१.२ जीबी. प्रोसेसर तोच, रॅमची एकूण बेरीजही तीच, तरी ८ जीबीची एक पट्टी आणि ४-४च्या दोन यांत ग्राफिक्सच्या कामाला ठळक फरक पडतो. तुमच्या लेकीच्या कामाला १६ जीबी हवी, आणि ती ८-८च्या दोन पट्ट्यांत.

फाइली साठवायला एसएसडी आहे हे चांगलंच आहे. आज कुणी फक्त फिरती हार्ड डिस्क असलेलं मशीन दाखवलं तर तिथूनच परत फिरा. पण २५६ जीबीत विंडोज, सॉफ्टवेअर आणि दोन-चार महिन्यांचे व्हिडिओ मावले की जागा संपली. निदान ५०० जीबी घ्या, आणि शक्यतो एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे मदरबोर्डवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटावर) आडवी बसणारी च्युइंगमच्या पट्टीएवढी. जुन्या साटा प्रकारची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडते. साधी एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पुढे जाते.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एका अशा भागाबद्दल ज्याचं नावही पाटीवर नसतं: एसएमपीएस, म्हणजे मागच्या बाजूचा तो पंखा असलेला लोखंडी डबा, जो भिंतीतली वीज सगळ्या भागांना वाटून देतो.

मी स्वतः एकदा घरासाठी तयार कॉम्प्युटर घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही. पाचव्या वर्षी एका सकाळी बटण दाबलं, काहीच नाही. ना दिवा, ना पंखा. एसएमपीएस गेला असणार हे लगेच कळलं, आणि मला हायसं वाटलं, कारण तो सगळ्यात सहज बदलता येणारा भाग. बाजूचं झाकण काढलं. साध्या मदरबोर्डवर २४ पिनांचा लांबट कनेक्टर असतो; इथे त्या जागी सहाच पिनांचा एक बुटका कनेक्टर होता. हार्ड डिस्कची वीज एसएमपीएसमधून न येता मदरबोर्डवरूनच निघत होती. नवा एसएमपीएस आणला तर तो कॅबिनेटच्या भोकांनाही बसेना आणि त्याची २४ पिनांची वायर लावायची तर जागाच नाही. कंपनीने त्या मॉडेलचा एसएमपीएस बनवणं बंद केलं होतं. प्रोसेसर धडधाकट, रॅम धडधाकट, बोर्ड धडधाकट, आणि एका डब्यापायी सगळं मशीन भंगारात गेलं. ते देताना मला खरोखर वाईट वाटलं. तुमच्या पत्राला इतकं लांबलचक उत्तर लिहितेय ते त्या मशीनमुळे.

सुट्या भागांच्या कॉम्प्युटरची खरी किंमत इथे आहे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं एक माप ठरवून दिलं: मदरबोर्डला स्क्रूची भोकं कुठे असतील, एसएमपीएसचा आकार काय असेल, वीज कुठल्या पिनेवर येईल. पुढे त्यात भर पडली, कनेक्टर २० पिनांचा २४ पिनांचा झाला, पण गाभा टिकला. त्यामुळेच आज एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये तिसरीच्या एसएमपीएसवर चालतो. लेक जोडणार असलेल्या मशीनमध्ये उद्या जे बिघडेल, ते तेवढंच बदलता येईल. सगळे तयार कॉम्प्युटर माझ्या त्या मशीनसारखे असतात असं नाही. काहींच्या आत अगदी प्रमाण मापाचे भाग असतात. म्हणून तयार घ्यायची वेळ आलीच तर दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगा. २४ पिनांचा कनेक्टर दिसतोय का, रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का, एसएमपीएसवर किती वॅट लिहिलंय, एवढं नजरेखालून घाला. नाखुशीने का होईना, उघडून दाखवतात.

वॅटचा मुद्दा लेकीसाठी महत्त्वाचा आहे. मदरबोर्डची खाच ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी ६ किंवा ८ पिनांची वायर लागते. तयार मशीनमधल्या लहान एसएमपीएसला बहुतेकदा अशी वायरच नसते. म्हणजे दोन वर्षांनी व्हिडिओच्या कामासाठी बरं कार्ड घालायचं ठरवलं, तर दार बंद. याउलट आज ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला तर आत्ता त्याची निम्मीही ताकद लागणार नाही, पण पुढे १५०-१७० वॅटचं कार्ड तो सहज पेलेल. खोक्यावर '८० प्लस ब्राँझ' लिहिलेलं असेल तर तो वीज कमी वाया घालवतो एवढंच समजा; तो टिकाऊ आहे याची ती पावती नव्हे. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीवरून बांधा. पाच वर्षं किंवा जास्त देणारी कंपनी आपल्या मालाला ओळखून असते.

तर वॉरंटी. दीर म्हणतात ती मिळणार नाही, तर तसं नाही. प्रत्येक भागाची वेगळी मिळते. खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला सहसा तीन वर्षं, रॅमला अनेकदा तिच्या हयातीची. बेरीज केली तर तयार मशीनच्या एक वर्षापेक्षा ती लांबच निघते. पण तयार मशीन बंद पडलं तर तुम्ही एक फोन करता आणि डोकेदुखी त्यांची होते. सुट्या भागांत मात्र बिघाड कुठल्या भागात आहे हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं, मग त्या भागाच्या कंपनीकडे जायचं. रॅमची एक पट्टी काढून दुसरी लावून बघणं, दुसऱ्याच्या मशीनवरून एसएमपीएस आणून लावून बघणं, हे सगळं लेकीला जमेल, आवडेलही. तुम्हाला एकटीला जमणार नाही. म्हणून तिला आत्ताच विचारा: परीक्षेच्या आदल्या दिवशी मशीन बंद पडलं तर काय करशील? तिच्याकडे उत्तर असायला हवं. तुमचा जुना लॅपटॉप तेवढ्यासाठी ठेवून द्या, विकू नका. बिलं एका पाकिटात आणि खोकी माळ्यावर.

लेकीने यादी केलीच असेल, तरी माझं मत सांगते. ग्राफिक्स कार्ड आत्ता घेऊ नका. प्रोसेसर असा घ्या ज्याच्या आतच बरं ग्राफिक्स आहे: एएमडीच्या रायझनमध्ये ५६००जी किंवा ८६००जीसारखे, शेवटी 'जी' असलेले. इंटेलचा घ्यायचा तर शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका, कारण त्यात ग्राफिक्स नसतंच, आणि वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. स्वस्त दिसला म्हणून 'एफ' घेऊन नंतर कार्डासाठी धावाधाव करणारे मी बरेच पाहिलेत.

५६००जी स्वस्त पडेल, पण तो एएम४ या जुन्या सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर, बसतो. ८६००जी एएम५वर, आणि त्याला डीडीआर५ रॅम लागते. पैसे पोचत असतील तर मी एएम५ घेईन. एएम४चा इतिहास बघा ना: २०१७ साली पहिल्या रायझनसाठी ज्यांनी बोर्ड घेतला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पाच वर्षांनी फक्त बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता आला. एएम५लाही निदान २०२७पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. तुमच्यासारख्या, पैसे साठवत साठवत पुढे जाणाऱ्या घराला हे फार मोलाचं आहे. रॅमच्या किमती मात्र सारख्या वर-खाली होतात, त्यामुळे दोन्ही संचांची पूर्ण बेरीज मांडूनच ठरवा. हात आखडता घ्यायचाच झाला तर कॅबिनेटमध्ये घ्या. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको, जाळीचं साधं घ्या, हवा खेळली म्हणजे झालं. एसएमपीएसमध्ये आणि रॅमच्या जोडीत काटकसर करू नका.

आणि बेरीज करताना विसरायच्या गोष्टी आधी लिहा: मॉनिटर, कीबोर्ड, माउस, आणि वाय-फाय. स्वस्त मदरबोर्डांवर वाय-फाय बरेचदा नसतं आणि ते कळतं मशीन सुरू झाल्यावर. विंडोजचं लायसन्स तयार मशीनच्या किमतीत धरलेलं असतं; इथे ते वेगळं घ्यावं लागेल. फारच स्वस्तात मिळणाऱ्या लायसन्स-कोडच्या मागे लागू नका. लायसन्ससाठी पैसे उरत नसतील तर सुरुवातीला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाका. चित्रांसाठी क्रिता, थ्रीडीसाठी ब्लेंडर, व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह हे तिन्ही प्रोग्रॅम लिनक्सवर फुकट आहेत आणि विंडोजवरही. तिचा हात एकदा त्यांवर बसला की पुढे कुठलीही सिस्टिम घेतली तरी तो वाया जात नाही.

आता राहिली पोरीच्या हाताची भीती. कॉम्प्युटर जोडताना मोडण्यासारखी जागा खरं म्हणजे एकच आहे, आणि ती तुम्हालाही माहीत असावी. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर सॉकेटच्या आत केसासारख्या बारीक पिनांचं शेत असतं. तिथे बोट लागलं, कापड घासलं किंवा प्रोसेसर वरून निसटून पडला तर पिना वाकतात आणि बोर्ड जातो. म्हणून प्रोसेसर कडांना धरायचा, त्याच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि अलगद ठेवून द्यायचा. वरून दाबायचं नाही, तो आपणहून बसतो. मग सॉकेटच्या बाजूची दांडी खाली आणायची. त्या दांडीला चांगलाच जोर लागतो आणि कुरकुर असा आवाज येतो. पहिल्यांदा जोडणाऱ्याचा जीव तिथे वर-खाली होतो. त्रिकोण जुळलेला असेल तर तो आवाज ठीक आहे; दांडी खाली जाऊ द्या.

बाकीचं सोपं आहे. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला बोट लावायचं, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. प्रोसेसरच्या पंख्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असेल तर तिला हात लावू नये आणि वर दुसरी थापू नये. पंख्याचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. चार खाचा असतील तर रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत. कॅबिनेटमधले पितळी खुंटे बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा भलतीकडे राहिला तर शॉर्ट होतो. आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली ८ पिनांची वीज. ती विसरणारे इतके जण असतात की मशीन सुरू झालं नाही तर आधी तिकडेच बघा.

सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून, प्रोसेसर, पंखा, रॅम आणि एसएमपीएस एवढंच लावून एकदा सुरू करून बघायला सांगा. काही बिघाड निघाला तर तो तिथेच कळतो आणि भाग परत करायच्या मुदतीत परत करता येतो. त्यासाठी सगळे भाग एकाच आठवड्यात घ्या. एक आज, एक दोन महिन्यांनी असं केलं तर पहिल्याची मुदत संपून जाते आणि तो बिघडलेला होता हे कळायला मार्ग राहत नाही.

एएम५ घेतलात तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील, पण पडदा काळाच राहील. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाबरून वीज बंद करू नका आणि दिरांनाही करू देऊ नका. लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, घड्याळात दहा मिनिटं होऊ द्या. चित्र आलं की बायोसमध्ये जाऊन तिला एक्स्पो नावाचा पर्याय चालू करायला सांगा, नाहीतर रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालणार नाही. आणि दहा मिनिटांनीही चित्र आलं नाही, तर बोर्डावरच्या चार बारीक दिव्यांपैकी कुठला पेटलेला राहिलाय, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए की बूट, तेवढं पाहून मला लिहा. त्या एका दिव्यावरून पुढचं सांगता येईल.